पऱ्यातली नाव

मिरजोळ्याला आमच्या ऑफिसकडे जाताना एक वळण लागतं. तिथे डाव्या हाताला एमआयडीसीची शेवटची शेड संपते आणि कुणाची तरी जुनी कलमांची बाग सुरू होते. वर्षभर त्या वळणावर मासळीच्या कारखान्याचा वास असतो, आणि तो नाकाच्या इतका सवयीचा झालाय की आता जाणवतही नाही. पण पौषात एखाद्या सकाळी थंडी नीट पडते, आणि त्या वासाला बाजूला सारून मोहोराचा वास येतो. गोडसर, किंचित तुरट. मी स्कूटर हळू करते. मागचा माणूस हॉर्न वाजवतो. त्याला काय सांगणार, की माझे पाय आता चालायला लागलेत म्हणून!

परवा तसंच झालं. ऑफिसात जाऊन बसले, कॉम्प्युटर सुरू केला, आणि अर्धा दिवस पोटऱ्या दुखत राहिल्या. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या पौषातल्या वाटेचं दुखणं.

आमचं गाव अंजनवेल. एका बाजूला गोपाळगडाचा तट, दुसऱ्या बाजूला वीज प्रकल्पाच्या चिमण्या, समोर खाडीचं मुख आणि त्यापलीकडे उघडा समुद्र. गावातल्या निम्म्या घरांतला एकतरी माणूस बोटीवर. बाबाही बोटीवर होते, मालवाहू जहाजावर खलाशी. मी अकरा वर्षांची आणि धाकटा सुनील सहा वर्षांचा असताना इंग्रजीतलं एक पत्र आलं. बाबा भर समुद्रात डेकवरून पडले होते. शोध घेतला, सापडले नाहीत. पत्रात तारीख आणि एवढंच होतं.

काका म्हणाले, आत्या म्हणाली, सगळी वाडी म्हणाली, की आता काय ते समजून घ्यायचं. आईने समजून घेतलं नाही.

"मेलेला कोणी बगितला?" तिने घरापुढच्या भर खळ्यात विचारलं. "नाय ना? मग माझा घोव हाय. येल."

तिने कपाळावरचं कुंकू तसंच ठेवलं, हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच ठेवल्या. आणि त्याच वर्षीपासून ती पौषात मार्लेश्वराला चालत जायला लागली. संक्रांतीला तिथे देवाचं लग्न लागतं, मार्लेश्वराचं आणि साखरप्याच्या गिरिजाईचं. नवरा परत यावा म्हणून मी देवाच्या लग्नाला चालत येईन असं बोलले आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. अंजनवेल ते मार्लेश्वर पाच दिवसांची वाट. एकवीस वर्षांत एकदाही चुकली नाही.

मला तिचा राग यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे काय लिहायचं हे मला कधी कळलं नाही. माझ्या लग्नात ती हळदी-कुंकवाचं तबक घेऊन पुढे उभी राहिली, तेव्हा मागे बायका काय कुजबुजत होत्या ते मला ऐकू आलं होतं. तिला नसेल का ऐकू आलं? ती तबक घेऊन ताठ उभी होती. मला वाटायचं, ही बाई खोट्या आशेवर जगते, आणि तिच्याबरोबर आम्हालाही त्या आशेच्या उंबऱ्यावर बसवून ठेवते. आमचे बाबा ना होते, ना नव्हते.

अकरा वर्षांपूर्वी, त्या पौषाच्या तोंडावर तिचा उजवा गुडघा सुजला. सुनीलचा मुंबईहून फोन आला, "ताई, ती ऐकायची नाय. तू तरी जा तिच्यासोबत." मी आठवड्याची रजा टाकली आणि निघाले.

आम्ही तेवीस जण होतो. पुढे दत्ताकाका, आमच्या वाडीचे, खांद्यावर भगवी पताका. मागे सामानाचा छोटा टेम्पो. आणि सगळ्यांच्या मध्ये, कुणाशी ना कुणाशी बोलत, पाटणे गुरुजी. गुरुजी गावच्या शाळेतून निवृत्त झालेले. चौथीचा इतिहास त्यांनी मला शिकवला, सुनीलला शिकवला, अर्ध्या गावाला शिकवला.

त्या चालण्यातलं मला काय आठवतं? पहाटेचं धुकं खाडीवरून वर चढताना पावलांच्या आधी आवाज ऐकू यायचे, मग माणसं दिसायची. भात कापून झालेल्या मळ्या, त्यांत पावट्याचे हिरवे पट्टे. खळ्याखळ्यात पेंढ्याच्या उडव्या. आंब्यांवर मोहोर, आणि तो करपू नये म्हणून आभाळाकडे बघणारे बागवाले. आबलोलीजवळ एका घरी मिळालेलं कुळथाचं पिठलं आणि नाचणीची भाकरी, ती माउली वाढताना म्हणाली, "देवाच्या लग्नाचं वऱ्हाड तुम्ही, असं पातळ काय वाढायचं!" आणि तिने पिठल्यात आणखी पीठ कालवायला घेतलं. आई माझ्या पुढे वीस पावलं, लंगडत. मी तिच्या मागे, तिच्या टाचांकडे बघत.

हमरस्त्यावरून आम्ही फार चाललो नाही. गुरुजींना जुन्या वाटा ठाऊक होत्या. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून जाणाऱ्या, मग जांभ्याच्या पायऱ्यांनी वाडीत उतरणाऱ्या पाखाड्या. अशा एका पाखाडीवर ते थांबले आणि एका पायरीवर त्यांनी काठी आपटली. पायरी मधोमध खोलगट झाली होती.

"ही माणसांच्या पायांनी नाय झिजली," ते म्हणाले. "बैलांच्या. बंदरातला माल ह्या वाटेनं घाटावर जायचा. अरबस्तानातून आलेले घोडे, खजूर, कापड. आणि वरून खाली काय काय. आपण आत्ता चालतोय ती वाट आधी बैलांची होती, मग देवाची झाली."

मला तेव्हा ते पुस्तकातलं वाटलं. पण नंतर प्रत्येक पायरीवर माझं पाऊल आपोआप त्या खळग्यात पडत राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माखजनच्या पुढे एका वाडीत आम्ही जेवायला थांबलो. वाडीचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं निवांत राहणारी आहेत, त्यांना तसंच राहू दे. वाडीच्या खालच्या अंगाला एक पऱ्या वाहतो. पौषातही त्यात घोटाभर पाणी होतं. आई पाय शेकण्याऐवजी थंड पाण्यात बुडवून बसली. तिच्या समोर एक तरुण बाई आडव्या काळ्या दगडावर कपडे धूत होती. नंतर कळलं, तिचं नाव मनीषा. नवरा लोट्याला केमिकलच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, सासू-सासरे घरात, दोन मुलं शाळेत.

मी आईला भाकरी नेऊन दिली. तिने घेतली नाही. ती वाकून पाण्यात बघत होती.

"शुभा, हिकडं बस," ती म्हणाली. "माझ्या बाजूनं बघ. दगडाकडं नको बघू, पाण्यात बघ."

मी बसले. दगडाचं एक टोक मागच्या पावसात उचकटलं होतं, त्यामुळे तो थोडा तिरपा झाला होता. वरून सपाट, घासून गुळगुळीत झालेली पाठ. पण त्याच्या पोटाखाली सावली होती, आणि त्या सावलीतल्या पाण्यात दगडाच्या खालच्या अंगाचं प्रतिबिंब पडलं होतं. आणि त्या प्रतिबिंबात एक नाव होती. लांब, दोन्ही टोकांना वर वळलेली. नावेच्या पोटातून तिरप्या रेघा बाहेर आलेल्या, एकासारख्या एक, ओळीने.

"वल्ही हायत ती," आई म्हणाली.

मनीषाने कपडा आपटायचा थांबवला. "काय वो आत्ये?"

"बाय, हा दगूड कधीपासून हाय हितं?"

"माझ्या सासूच्या सासूपास्नं ह्याच्यावरच धुतायत. आता काय, उद्या मोरी घालणार हायत हितं. रस्त्याला. सकाळी जेसीबी येणार. हे सगळं खाली भरावात जाणार." तिने नळ आल्याचं सांगावं तशा सुरात हे सांगितलं, म्हणजे आनंदानेच. पावसात मुलांना शाळेत जायला हा पऱ्या आडवा यायचा. मोरी तिने मागून घेतली होती.

मी गुरुजींना हाक मारली. ते आले, धोतर वर खोचून पाण्यात उतरले आणि गुडघ्यांवर बसले. त्यांनी दगडाखाली हात घातला. डोळे मिटून ते बोटांनी वाचत राहिले, एखादा आंधळा माणूस चेहरा वाचतो तसे. त्यांचे ओठ हलत होते.

"वीरगळ," ते म्हणाले. "शुभा, हा वीरगळ आहे. कोणी लढाईत पडला की त्याच्या नावानं उभा करायचे. आठशे वर्षं तरी झाली असतील. शिलाहारांच्या वेळचा, नाहीतर यादवांच्या." मग थोडं थांबून म्हणाले, "छत्तीस वर्षं मी पोरांना इतिहास शिकवला. किल्ले सांगितले, राजे सांगितले. ह्याला हात लावायची वेळ आज आली."

दत्ताकाका वरून बघत होते. त्यांना काळजी वेगळी होती. संक्रांत परवावर आली होती. जेवून लगेच निघालं तरच लग्नाच्या मुहूर्ताला पोचता येणार होतं. "फोटो काढा आणि चला," ते म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं," आई म्हणाली. "मी हा दगूड वर काढून येते."

"सुलूवयनी, लग्न चुकेल तुमचं! एकवीस वर्षांत चुकलं नाय."

"चुकू दे."

एवढे दोनच शब्द. दत्ताकाका माझ्याकडे बघायला लागले, मी आईकडे. ज्या लग्नासाठी ती सुजलेल्या गुडघ्याने तीन दिवस चालली होती, ते ती एका धुण्याच्या दगडासाठी सोडत होती. मी तिला बाजूला घेतलं. आवाज चढला माझा. म्हटलं, निघताना डॉक्टर नको म्हणाले तेव्हा तुला नवस आठवला, रजा नाही म्हटलं तेव्हा तुला नवस आठवला, आणि आता?

तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो बोटीवरचा हाय, शुभा. पाण्यात तोंड घालून पडलाय. त्याला तसाच पुरून जाऊ?"

मी टेम्पोतून आमच्या पिशव्या उतरवून घेतल्या.

दत्ताकाका बाकीची एकोणीस माणसं घेऊन पुढे गेले. आई, मी आणि गुरुजी मागे राहिलो. मनीषाने आम्हाला घरी नेलं. तिच्या सासूने न विचारता तांदूळ वाढवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसने मनीषाचा नवरा रात्रपाळी करून हायवेवर उतरला आणि चालत घरी आला. डोळे लाल, अंगाला केमिकलचा उग्र वास. मनीषाने त्याला चहा दिला आणि सगळं सांगितलं. त्याला वाटलं असणार, कुठून ही माणसं आली. पण तो चहा पिऊन मागच्या पडवीतून दोर आणि दोन वासे घेऊन आला, आणि आम्ही सगळे पऱ्यावर गेलो. वाडीत तरणे पुरुष असे तो एकटाच, बाकीचे मुंबईला. मग मनीषाच्या शेजारणी आल्या. दोर बांधला, ओढला. दगड तसूभर हलला आणि परत बसला. पुन्हा ओढला. माझ्या तळहाताची सालं निघाली. गुरुजींना आम्ही बळेच बाजूला बसवलं.

तेवढ्यात जेसीबी आला.

ड्रायव्हर घाटावरचा, साताऱ्याकडचा. त्याने वरूनच हाक दिली, "ओ मावशी, उठा की तिथनं! मला सांजच्या आत मोरी बसवायचीय."

आई दगडावर जाऊन बसली होती. "बसव की. मी कुठं नको म्हणते? एवढा एक दगूड वर उचलून ठेव, मग बसव."

"एका दगडासाठी एवढ्या बाया?"

"खाली उतरून बघ तरी."

तो कुरकुरत उतरला. वाकून त्याने दगडाच्या खाली बघितलं, आणि एकदम दोन पावलं मागे सरून त्याने चपला काढल्या.

"वीरगळ हाय की हा!" तो म्हणाला. "आमच्या गावात मारुतीच्या पारावर चार हायत असले. दर दसऱ्याला तेल लावतो आमी. तुमी त्याच्यावर कपडे धुता व्हय?"

मनीषा ओशाळली. "आमास्नी काय म्हाईत? तो पालथा होता."

गुरुजी हसले. त्यांनी जे पुस्तकात वाचलं होतं ते या माणसाला पारावर खेळताना कळलं होतं. ड्रायव्हरने यंत्राला पट्टा बांधला, दगडाला गोधडी गुंडाळली, आणि एखादं आजारी माणूस उचलावं तसा तो दगड हळूहळू वर घेतला. वाडीच्या सहाणेशेजारी, शिमग्यात पालखी बसते तिथे, आम्ही तो टेकून उभा केला. बायकांनी हंड्याने पाणी ओतलं. चिखल ओघळला आणि एकेक माणूस बाहेर यायला लागला.

सगळ्यात खाली नाव. तिच्यात वल्हेकरी, आणि पुढच्या टोकाला ढाल-तलवार घेऊन उभा एक जण. नावेखाली पाण्याच्या लाटा आणि त्यांत एक आडवा पडलेला देह. त्याच्या वरच्या चौकटीत दोन स्त्रिया त्याला दोन्ही दंडांना धरून वर नेताहेत. त्याही वर तो हात जोडून शिवलिंगापुढे बसलाय. अगदी वर चंद्र आणि सूर्य.

"खालून वर वाचायचं," गुरुजी म्हणाले. "खाली मरण, मध्ये स्वर्गाची वाट, वर शिवाजवळ जागा. आणि चंद्र-सूर्य असेपर्यंत त्याची आठवण राहावी."

"आमच्याकडं घोडे असत्यात, गायी असत्यात," ड्रायव्हर म्हणाला. "नाव मी पयल्यांदा बघितली."

नाव कुठेच कोरलेलं नव्हतं. म्हणजे त्या माणसाचं नाव. कोण असेल तो? कोणाच्या बाजूने लढला? बंदराच्या जकातीसाठी, की नुसता चाच्यांशी? कोणत्या आईने त्याला निघताना दही दिलं असेल? इतिहास म्हटला की मला गोपाळगडाचा तट आठवायचा, त्यावरच्या तोफा, आणि परीक्षेत लिहायच्या सनावळ्या. तो उंचावरचा होता. हा आमच्या वाडीतल्या कुठल्याही माणसासारखा होता. बोटीवर गेला आणि आला नाही.

पऱ्यात आता दगडाची रिकामी जागा दिसत होती. तिथे, पहिल्या दगडाला आधार म्हणून टेकवलेला, आणखी एक दगड होता. लहान. ड्रायव्हरने आणि मनीषाच्या नवऱ्याने तो हातांनीच वर आणला. धुतला. त्यावर फक्त एक हात होता. कोपरात वाकलेला, पंजा वर उघडलेला. मनगटापासून बांगड्याच बांगड्या.

"हे काय गुरुजी?" आईने विचारलं.

गुरुजी धोतराचा ओला सोगा पिळत राहिले.

"गुरुजी?"

"सतीचा दगड आहे, वयनी," ते खाली बघत म्हणाले. "ह्याचीच बायको असणार. ती... त्याच्यामागून गेली. बांगड्या तशाच. म्हणून तो हात."

एका शेजारणीने हात जोडले. आई त्या हाताकडे बघत उभी होती. तिच्या स्वतःच्या मनगटावरच्या हिरव्या बांगड्यांना पऱ्याचा चिखल लागला होता.

"मग पोरांना कोणी वाढवलं?" तिने विचारलं.

गुरुजींनी मान वर केली.

"हिची पोरं असतील ना? त्यांना कोणी वाढवलं?"

"सासूनं वाढवली असतील," मनीषा हळूच म्हणाली.

"सासूचा तर मुलगाच गेलेला. तिला कोण होतं?" आई म्हणाली. मग ती खाली बसली, पदराच्या टोकाने त्या दगडी बांगड्यांच्या फटींतला गाळ काढायला लागली. एकेक बांगडी. बराच वेळ. आम्ही कोणी तिला घाई केली नाही. ड्रायव्हरनेसुद्धा नाही.

दुपारी आम्ही निघालो. मनीषाने डब्यात भाकऱ्या दिल्या. ड्रायव्हर म्हणाला, कसब्यापर्यंत गाडी बघून देतो. आई म्हणाली, चालतच जायचं असतं. संध्याकाळी कसब्याला पोचलो. कर्णेश्वराच्या देवळात शिरलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. इतकं कोरीव काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं. खांबाखांबावर, छतावर, दगडाला बोटभर जागा रिकामी सोडलेली नाही. गुरुजी मान वर करून एकेका खांबापाशी थांबत होते. हेही त्याच काळातलं, म्हणाले. ज्या दिवसांत त्या पऱ्याकाठी कोणीतरी एक हात कोरत होतं, त्याच दिवसांत इथे कोणीतरी फुलं कोरत होतं.

आई बाहेर पायरीवर बसली होती. मी तिच्या गुडघ्याला तेल चोळायला घेतलं.

"मला ठाऊक होतं, शुभा," ती म्हणाली.

"काय?"

"तुझा बापूस गेला ते. पत्र आलं तेव्हाच. भर दर्यात पडलेला माणूस येतो काय?"

माझा हात थांबला. "मग तू एकवीस वर्षं..."

"मग काय करणार होते? गेला म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या बांगड्या फोडल्या असत्या. कोपऱ्यात बसवली असती. बाजारात जायचं नाय, कोणाच्या समोर यायचं नाय. तुझ्या काकानं तुला शाळेतून काढायचं ठरवलंच होतं, म्हाईत हाय तुला? सुनीलला जरा मोठा झाला की नेणार होता बोटीवर भांडी घासायला. मी म्हटलं, माझा घोव हाय. त्याला विचारल्याशिवाय माझ्या पोरांचं काय ठरवायचं नाय. येल तेव्हा त्याला विचारा." ती किंचित हसली. "जिवंत माणसाच्या बायकोला जरा घाबरतात."

तिची सगळी वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून उलट्या क्रमाने जायला लागली. हंगामात पहाटेपासून बागेत आंब्याच्या पेट्या भरणारी. बंदरावर मासळीच्या लिलावात पुरुषांच्या घोळक्यात कमरेला पदर खोचून उभी राहणारी. शाळेत माझ्या निकालाला येऊन पुढच्या बाकावर बसणारी. प्रत्येक ठिकाणी ते कुंकू. मी त्याला आशा समजत होते.

"आणि हा नवस?" मी विचारलं. "दर वर्षीचं चालणं?"

"नवस कसला?" ती म्हणाली. "पाच दिवस कोणी हाक मारत नाय. चूल नाय, पाणी नाय. नुसतं चालायचं. तुम्हाला सांगितलं असतं तर सोडलं असतं काय कोणी?"

दुसऱ्या दिवशी देवाचं लग्न होतं, आणि आम्ही देवरूखच्या चढावर होतो. दुपार झाली तशी आईने सूर्याकडे बघितलं. "लागायला आलं असेल आता," ती म्हणाली. पदराच्या गाठीत तिने अक्षता बांधून आणल्या होत्या. गुरुजी रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी खणखणीत आवाजात "शुभमंगल सावधान" म्हटलं. आईने आणि मी डोंगराच्या दिशेने अक्षता टाकल्या. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने वेग कमी करून आमच्याकडे बघितलं, आणि का कोण जाणे, हात जोडले.

मार्लेश्वराला पोचलो तेव्हा जत्रा उठत होती. दुकानदार ताडपत्र्या घडी करत होते. पायऱ्यांवर कुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या. गुहेत समईचा उजेड, आणि गर्दी नसल्यामुळे ओल्या दगडाचा वास. आई देवापुढे वाकली, काहीतरी पुटपुटली आणि उठली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणालीस?"

"उशीर झाला म्हटलं. कामात होते."

त्याच फाल्गुनात तिने स्वतःहून सगळ्यांना बोलावलं. देह न सापडलेल्या माणसासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करून संस्कार करतात, तो तिने करायला सांगितला. सुनील मुंबईहून आला. काका म्हातारे झाले होते, तेही आले. कुंकवाचा विषय कुणीतरी काढला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "ते त्यांच्या नावाचं कधीच नव्हतं. माझं हाय, मी ठेवणार." एकवीस वर्षांपूर्वी हे चाललं नसतं. आता समोर मिळवती मुलगी आणि मुलगा बसले होते. कोणी वाद घातला नाही.

संकल्प सांगताना भटजींनी तिथी विचारली. मग स्वतःच म्हणाले, "एवढ्या वर्षांनी कोणाच्या लक्षात असणार. अमावास्या धरू."

"कार्तिक वद्य पंचमी," आई म्हणाली.

काकांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. मी आणि सुनीलने एकमेकांकडे बघितलं.

कार्तिक वद्य पंचमीला सण नसतो. दिवाळी होऊन तीन आठवडे झालेले असतात, देवदिवाळी अजून यायची असते. पण त्या दिवशी आमच्या घरी दर वर्षी, न चुकता, शिरवळे व्हायचे. आई सकाळीच लाकडी साचा काढायची, तांदळाच्या उकडीचे गरम गोळे त्यात घालून दाबायची, आणि नारळाच्या गोड रसात ते पांढरे शिरवळे आमच्या वाट्यांत सोडायची. बाबांना ते फार आवडायचे. पहिली वाटी ती मागच्या दारी कौलांवर ठेवून यायची, मांजराला, म्हणायची. आम्ही विचारायचो, आज काय आहे गं? "आज पंचमी," ती म्हणायची, "खावा गुपचूप."

आणि आम्ही खायचो. वाटी चाटून पुसून पुन्हा पुढे करायचो. एकवीस वर्षं आम्ही बाबांचं श्राद्ध जेवत होतो, आणि वर तिला आणखी वाढ म्हणत होतो.